बर्फाच्या कारखान्यातलं कथक

कुमुदबाई गेल्याची बातमी मला ज्या माणसाने फोनवर दिली, त्याच माणसाने बाईंचा नाचाचा वर्ग बुडवला होता. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात वाफेच्या पाइपांची तपासणी करत होतो. टाइम ऑफिसातला माणूस धापा टाकत आला, तुमचा अर्जंट फोन आहे म्हणाला. पलीकडे आमच्या सभागृह समितीचे चिटणीस होते. घसा खाकरून आवाज जड केलेला. "फार वाईट झालं हो. बाई सकाळी गेल्या. हार्ट अटॅक..." आणि लगेच पुढे म्हणाले, "शोकसभा रविवारी ठेवतोय. आणि हो, ती कॅसेट तुमच्याकडेच असेल ना? नाचाची? सभेत दाखवू म्हणतो." बाईंना अजून घरातून नेलंही नव्हतं आणि हा गृहस्थ कॅसेट मागत होता. मी फोन आपटला. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. छापून आलं तर त्यांना बरंच वाटेल.

आता महिना उलटून गेला. राग ओसरेल म्हणून लिहायचं थांबलो होतो. तो ओसरत नाही, तेव्हा रागासकट लिहितो. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना गोडच लिहावं असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि बाईंविषयी गोड लिहिणं मला अवघड नाही. पण नुसतं गोड लिहिलं, तर ज्यांनी त्यांना छळलं त्यांची फुकटात सुटका होते.

बाई बोईसरला आल्या त्या सत्तरच्या दशकात, लग्न होऊन. त्यांचे यजमान अनंतराव एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. त्या वेळी बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं, गवताची माळरानं आणि त्यात नव्याने उभी राहणारी पत्र्याची छपरं. बाई पुण्याकडच्या, कथक शिकलेल्या. घुंगरू ट्रंकेत तळाशी ठेवून त्या इथे आल्या आणि महिनाभरात ते बाहेर निघाले. आधी व्हरांड्यात दोन मुली, मग पाच, मग घरमालक कुरकुरायला लागला म्हणून बाजारातल्या पिठाच्या गिरणीमागची लांबट खोली घेतली. गिरणी सुरू असली की जमीन थरथरायची. बाई म्हणायच्या, "चांगलं आहे, ठेका चुकला तर कुणाला ऐकू येणार नाही." वास्तविक कुणाचाही ठेका चुकला तरी त्यांना गिरणीच्या गोंगाटात ऐकू यायचा, आणि मग त्या मुलीची धडगत नसायची. बाई प्रेमळ वगैरे अजिबात नव्हत्या. शोकसभेत त्यांना मातेसमान म्हटलं गेलं तेव्हा मागल्या रांगेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुली कुठल्या? कारखान्यात हेल्पर, पॅकिंगवाले, ड्रायव्हर, वाडीत भाजी पिकवणारे, अशांच्या. वर्षातून एकदा सभागृहात कार्यक्रम व्हायचा आणि दरवर्षी एकच भांडण व्हायचं. कार्यक्रम बसवायचा बाईंनी, पण मुलींना उभं कसं करायचं ते समितीने ठरवायचं. गोऱ्या मुली पुढे, सावळ्या मागे. चिटणिसांचं म्हणणं असं की, सावळ्या मुली लाइटात उठून दिसत नाहीत. शिवाय रंगपटात एक बाई बसवलेली असायची, ती प्रत्येकीच्या तोंडाला पांढरीफटक पावडर थापायची. सविता नावाची एक मुलगी होती, तारापूरच्या बाजूच्या गावातून यायची. रंगाने चांगलीच काळी, आणि पाय असे की तत्काराला, म्हणजे नुसत्या पायांनी ठेका धरायला उभी राहिली की बाईसुद्धा टाळी द्यायचं थांबवून ऐकत राहायच्या. तिला एका वर्षी शेवटच्या रांगेत, पडद्याच्या कडेला उभं केलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पावडरचा डबा उचलला आणि रंगपटाच्या खिडकीतून बाहेर भिरकावला. सविताला ओढून मधोमध उभं केलं. कार्यक्रम झाला, पण त्या दिवसापासून चिटणिसांनी बाईंवर डूख धरला.

पुढे मी नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केला, थर्मल कॅमेऱ्याचा. बऱ्याच जणांना अजून हे काय ते ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. हा कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. जे गरम ते पडद्यावर पांढरं दिसतं, जे गार ते काळं. कारखान्यात कुठे विजेचा सांधा सैल होऊन तापतोय, कुठे वाफ गळतेय, ते यात आधी कळतं. त्या काळातला तो कॅमेरा म्हणजे मोठं लोढणं होतं. त्याच्या पोटात थर्मासमधून द्रवरूप नायट्रोजन ओतावा लागायचा, ओतताना पांढरा धूर निघायचा, आणि चित्र शेजारच्या छोट्या टीव्हीवर उमटायचं. तो टीव्ही व्हिडिओला जोडला की सगळं कॅसेटवर घेता यायचं. एका रविवारी अनंतरावांना दाखवावा म्हणून मी तो त्यांच्या घरी नेला. जेवणाची वेळ होती. अनंतराव कॅमेऱ्यासमोर बसले, पडद्यावर एक पांढरं भूत बसलं. बाई हातात भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"यात रंग दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. फक्त ऊब."

"म्हणजे गोरी-सावळी?"

"सगळ्या सारख्याच. नाकडोळेही धड ओळखू येत नाहीत."

त्या पातेलं खाली ठेवून आत गेल्या. आम्हाला वाटलं भाजी आणायला गेल्या. त्या घुंगरू बांधून आल्या! आम्ही दोघं कोरडा भात पुढ्यात घेऊन बसलो आणि बाई अंगणात नाचल्या. पडद्यावर घुंगरू काळे, दागिने काळे, साडी करडी, आणि त्यातून हात, मान, कपाळ पांढरं उजळत चाललेलं. नाच चढत गेला तसं अंग उजळत गेलं. मी इतकी वर्षं त्या यंत्रातून फक्त बिघाड पाहत आलो होतो... माणूस असा पहिल्यांदाच पाहिला. बाई घाम पुसत पडद्याजवळ आल्या, मी कॅसेट मागे घेऊन दाखवली, आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मुलींचं करायचं, सगळ्यांचं करायचं, आणि ते या बोईसरमध्ये पोरींच्या आईबापांना बसवून दाखवायचं. बाहेर कुठे दाखवलं नाही तरी चालेल, इथे दाखवायचं. त्यांना एवढंच हवं होतं. पुढे काय झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

अडचण एवढीच होती की आमच्या उकाड्यात भिंतीसुद्धा तापलेल्या. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी माणसं, काहीच नीट दिसेना. गार जागा हवी होती. सातपाटीच्या वाटेवर मासळीसाठी बर्फ करायचा एक कारखाना होता, त्याचा मालक माझ्या ओळखीचा. हंगाम बंद होता, पण बर्फाच्या लाद्यांची खोली त्याने आमच्यासाठी थोडी गार करून दिली. एका सकाळी टेम्पोत मुली, स्वेटर, चहाचं पिंप आणि कॅमेरा घालून आम्ही निघालो. पहिल्याच झटक्यात फजिती झाली. मुली गार फरशीवर अनवाणी उभ्या, पाय बधिर झाले आणि पडद्यावरून हळूहळू पायच नाहीसे झाले. पिंढरीपर्यंत मुली, खाली काळोख. बाई टीव्हीपुढे कपाळाला हात लावून ओरडल्या, "अरे, कथक करतोय आपण! पाय कुठे गेले?" मग गरम पाण्याची घमेली आली. प्रत्येकीने घमेल्यात पाय शेकायचे, पुसायचे, धावत जाऊन उभं राहायचं आणि पाय दिसतायत तोवर नाचायचं. दिवसभर हे चाललं होतं. मुली हसून हसून बेजार, बाई ओरडून ओरडून. नाकाचे शेंडे गार पडून काळे दिसायचे, त्यावरून मुली एकमेकींना मांजरी म्हणायच्या. घोळक्याने गिरक्या घेतल्या की कोण कुठली ते कळेनासं व्हायचं. सविता घेरातून मधोमध आली तेव्हा तीही इतर सगळ्यांसारखीच लखलखीत पांढरी होती. बाईंनी टीव्हीच्या काचेला बोट लावलं. "बघ, कोण म्हणतं लाइटात दिसत नाही?"

मी त्या कॅसेटची नक्कल काढून, ती कापूनजोडून छोटी फिल्म केली. सभागृहाची तारीख मागितली, मिळालीही. आणि मग वावडी उठली.

ती कशी उठली ते मला नीट माहीत आहे. कारखान्यात मी एखाद्या बंद पेटीकडे कॅमेरा धरायचो, झाकण एका जागी गरम दिसायचं, मी म्हणायचो आत सांधा जळतोय. पेटी उघडली की खरंच जळलेला असायचा. कामगारांना त्याचं फार नवल. एक वेल्डर सगळ्यांना सांगत फिरायचा, "साहब का कैमरा लोहे के आर-पार देखता है." मी हसायचो. कॅमेरा आरपार काही बघत नव्हता, झाकणाची ऊब बघत होता. पण जो कॅमेरा लोखंडाच्या आरपार बघतो तो कपड्याच्या आरपार बघणारच, हे गणित दोन दिवसांत घरोघर पोचलं. बाईंनी आणि त्या कॅमेरावाल्याने पोरींचे नागडे फोटो काढले! तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारीच, त्यामुळे आमच्या भागात किरण या गोष्टीची धास्ती तर आधीपासूनच आहे. म्हणून दुसरी वावडी, की या किरणांनी पोरींना पुढे मुलं होणार नाहीत. एका सुशिक्षित गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, पोरींना छातीवर केंद्रातल्यासारखे किरण मोजायचे बॅज लावले होते का? मी सांगून थकलो की हा कॅमेरा कसलेही किरण सोडत नाही, माणसाच्या अंगातून जी ऊब आपोआप बाहेर पडते तेवढीच टिपतो. कपडा त्याला कपडाच दिसतो. उलट साध्या फोटोत दिसतं त्याच्या निम्मंही यात दिसत नाही. कोण ऐकतंय!

सविताची आई मथुराबाई भर दुपारी वर्गावर आल्या, बरोबर आणखी दोघी. मी तिथेच होतो. गिरणी बंद होती, त्यामुळे अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"आमची पोर नागडी काडली तुमी! लाज नाय वाटत?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वभाव बघता त्या काहीतरी फेकून मारतील अशी मला भीती वाटली. पण त्या फार हळू बोलल्या. "मथुराबाई, टीव्ही इथेच आहे. बसा. एकदा बघा. वाईट दिसलं तर तुमच्या हाताने कॅसेट जाळा."

"आमी नाय बगणार असलं!" मथुराबाई म्हणाल्या, आणि सविताच्या दंडाला धरून निघाल्या. सविता वळून बघत होती. घुंगरू तिच्या हातातून खाली पडले, ते उचलायलाही तिला थांबू दिलं नाही.

अडाणी माणसाचं मी समजू शकतो. चिटणिसांचं काय? त्यांना मी कॅमेरा समोर ठेवून सगळं समजावलं होतं. त्यांना ठाऊक होतं की यात काही नाही. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं खरं असेल हो, पण लोकभावना आहे." आणि सभागृहाला कुलूप. बाईंनी हट्टाने वर्गातच फिल्म दाखवायचं ठरवलं. स्वतः घरोघर जाऊन आयांना बोलावून आल्या. गिरणीवाल्याकडून खुर्च्या आणल्या, मांडल्या. अनंतराव, मी आणि बाई... कोणी आलं नाही. बाई बराच वेळ दाराकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "बंद कर. आपण तिघांनी पाहिलंय." नंतर एकेक मुलगी गळत गेली. सविताचं घाईघाईत मनोरला लग्न लावून दिलं. बाई रोज ठरल्या वेळी वर्ग उघडायच्या, ठरल्या वेळी बंद करायच्या. मी एकदा म्हणालो, सोडा आता. तर माझ्यावरच उखडल्या, "मी का सोडू? मी काय केलंय?" पुढे चार-सहा मुली परत आल्या, पण ते दिवस आले नाहीत. अफवेने माणूस मरत नाही, मी असला बेछूट आरोप करणार नाही. पण वर्ग तिनेच मारला.

मग जे झालं त्याने तर माझं डोकंच फिरलं. बाईंच्या एका मैत्रिणीने फिल्म मुंबईला चित्रकारांच्या एका बैठकीत दाखवली. तिथून ती कुणाबरोबर परदेशी गेली, लोकांना फार आवडली, पेपरात चार ओळी आल्या. लगेच सभागृहाच्या फळ्यावर ते कात्रण लागलं, "आमच्या बोईसरची कन्या" असा मथळा लिहून! बाई तिथे गेल्या, टाचण्या काढून कात्रण घेतलं आणि घरी आल्या. पुन्हा त्या सभागृहात पाऊल टाकलं नाही.

शोकसभेला फोटोरूपाने मात्र जावं लागलं. हार, समई, माइक, सगळं यथास्थित. चिटणीस बोलायला उभे राहिले, बाईंनी कलेला विज्ञानाची जोड दिली, आधुनिक दृष्टी दिली, आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार नेलं... आवाज भरून आला, चष्मा पुसून झाला. मी मधेच उठलो. म्हटलं, "अनंतराव सोडून इथे बसलेल्यांपैकी ती फिल्म कुणी कुणी पाहिलीय, हात वर करा." एक हात वर झाला नाही. अनंतरावांनी माझी बाही ओढली. मी म्हटलं, "न पाहता शिव्या दिल्या, आता न पाहता टाळ्या देताय." आणि बाहेर आलो. सभ्यपणा नव्हता हे, मला कबूल आहे. पण मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

परवा अनंतरावांनी बोलावलं. गिरणीमागची खोली रिकामी करून द्यायची होती. जुना टीव्ही, व्हिडिओ, सतरंज्या, तबल्याची जोडी. मी ती कॅसेट घेऊन गेलो होतो. फिल्म नव्हे, बर्फाच्या कारखान्यातली न कापलेली मूळ कॅसेट, कारण ती अनंतरावांकडे असावी असं मला वाटत होतं. आम्ही वस्तू बांधत होतो तर सविता आली. कडेवर मूल, सासरहून मुद्दाम आलेली. तिच्या मागे मथुराबाई, त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सविता म्हणाली, "काका, मला एकदा बघायचंय." मी टीव्ही खोक्यातून परत बाहेर काढला.

कॅसेट सुरू झाली. सविता स्वतःला शोधत होती आणि तिला सापडत नव्हती. ही मी का? नाही, ही नंदा... मग एका ठिकाणी नाच थांबतो आणि बाजूने एक उंच आकृती आत येते. बाई. फिल्म करताना त्यांनी मला हा तुकडा काढायला लावला होता, "मी कशाला मधे?" त्या एका मुलीच्या मागे उभ्या राहतात, तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध तळवा दाबून तिला ताठ करतात आणि निघून जातात. त्या गेल्या तरी मुलीच्या पाठीवर पाच बोटांचा पांढरा तळवा उमटलेला राहतो. हाताची ऊब कपड्यात क्षणभर उरते, ती कॅमेऱ्याला दिसते. मग तो तळवा हळूहळू करडा होत विरून जातो.

"ती मी," सविता म्हणाली. "मीच पोक काढायचे. रोज तिथेच हात ठेवायच्या."

मथुराबाई कधी आत आल्या ते मला कळलं नाही. त्या पडद्याच्या अगदी जवळ वाकल्या होत्या. "पाटीवर त्ये काय हाय?"

"बाईंचा हात," मी म्हणालो.

त्या कॅसेट संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. पडद्यावर मुंग्या आल्या तरी हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येवडंच होतं?"

"एवढंच होतं."

"मंग आमाला तेवाच का नाय दाकवलं?"

माझ्या तोंडावर किती आलं होतं! या खोलीत बाई तुमच्यासाठी खुर्च्या मांडून बसल्या होत्या, हे मी सांगितलं, आणि मोठ्या आवाजात सांगितलं. अनंतराव नको नको म्हणत राहिले. मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नातवाला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "परत लावा. तो हात हाय तितून लावा." मी कॅसेट मागे घेतली. माझा राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही.

कॅसेट आता माझ्याकडे नाही. अनंतरावांनी ती सविताला दिली. तिच्या सासरी व्हिडिओ नाही, म्हणून ती मथुराबाईंच्या घरी कपाटात आहे. चिटणिसांचा काल पुन्हा फोन आला, बाईंच्या नावाने कार्यक्रम करतोय, कॅसेट पाहिजे म्हणाले. मी त्यांना मथुराबाईंचा पत्ता दिला. संध्याकाळी जा म्हटलं, त्या दारातच बसलेल्या असतात. त्यांचं तोंड सुटलं की काय होतं ते बाईंनी ऐकलेलं आहे, मी ऐकलेलं आहे. आता चिटणिसांनी ऐकावं.